पाणी मुरेपर्यंत

बदलापुरात नवा फ्लॅट घेतला की त्यात काय काय आणि कोणत्या क्रमाने येणार, हे साधारण ठरलेलं असतं. आधी देव येतात, मग गॅस, मग सोफा, आणि सोफ्यासमोरची भिंत फारच ओकीबोकी दिसायला लागली की फिश टँक. दोन फुटी काचेची टाकी, तळाला निळी-गुलाबी खडी, उघडझाप करणारा प्लास्टिकचा शिंपला, मागे समुद्रतळाचं छापील चित्र, आणि आत जन्मात समुद्र न पाहिलेले, उल्हासनगरच्या नाहीतर कुर्ल्याच्या दुकानातून पिशवीत बसून लोकलने आलेले गोड्या पाण्यातले आठ-दहा मासे. हा सोहळा रविवारी होतो. गुरुवारी पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसायला लागतं, शनिवारी एक मासा पंख मिटून कोपऱ्यात बसतो, आणि पुढच्या रविवारी घरात वैद्यकीय मंडळाची बैठक भरते. आजी म्हणतात, नजर लागली. शेजारचे काका म्हणतात, टाकी ईशान्येला हवी होती. दुकानदार फोनवर निळं औषध सुचवतो. घरातला शाळकरी मुलगा मोबाइलवर बघून एकूण अकरा रोगांची नावं वाचून दाखवतो, आणि त्या माशाला ते अकराही झालेले असतात. मग चार निदानांचे चार उपाय एकाच संध्याकाळी होतात. सोमवारी सकाळी जे दिसतं त्याचा ठपका मात्र माशांच्या प्रकृतीवर बसतो: ‘जातच नाजूक हो त्यांची!’

माझं म्हणणं असं आहे की नव्या टाकीतले बहुतेक मासे रोगाने मरत नाहीत, काळजीने मरतात. काळजी त्यांची नव्हे, आपली. माशांना पाण्यात पाहायला घरातली सगळी मंडळी टाकीपुढे जमतात. पाण्याकडे पाहायला कुणीच नसतं. आपल्या संतांनी पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीची तळमळ पिढ्यान्‌पिढ्या गायली, त्यामुळे मासा एकदा पाण्यात सोडला की तो सुखी झाला, अशी आपली पक्की समजूत झाली आहे. पाण्यातल्या पाण्यात तळमळणाऱ्या मासोळीवर कुणी अभंग लिहिला नाही, कारण त्या काळी फिश टँक नव्हते. मासा आपला नको असलेला नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने टाकतो आणि त्यातला बराचसा कल्ल्यांतूनच टाकतो. म्हणजे ज्या दारातून श्वास आत येतो, त्याच दारातून कचराही बाहेर जातो. उरलंसुरलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत हे सगळं वाहून जातं. टाकीत ते जायला जागा नसते, आणि अमोनिया कल्ल्यांना जाळतो.

बदलापूरकराला हे समजावून द्यायला रसायनशास्त्र लागत नाही. इमारत उभी आहे, रंग चकचकीत आहे, लॉबीत संगमरवर आहे, रहिवासी सामानसुमान घेऊन राहायला आले आहेत. फक्त ड्रेनेज जोडायचं राहिलं आहे आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, ‘पुढच्या महिन्यात’ मिळणार आहे. नवी टाकी ही अशी ओसी न मिळालेली इमारत असते. तिच्यात पाणी असतं, वीज असते, सजावट तर लग्नाच्या हॉलसारखी असते. सफाई खातं तेवढं भरलेलं नसतं. अशा इमारतीत आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला मळमळायला लागलं, तर त्याच्या पोटाची सोनोग्राफी करायची, की आधी तळमजल्यावर जाऊन चेंबरचं झाकण उचलून पाहायचं? माणसांच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर आपल्याला वासावरूनच कळतं. माशांच्या बाबतीत काच मध्ये असते, म्हणून आपण सोनोग्राफीला निघतो.

टाकीतलं सफाई खातं म्हणजे जिवाणू. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर बुळबुळीत थर करून राहतात. त्यांची कार्यपद्धती कुठल्याही सरकारी कचेरीत हेलपाटे घातलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. पहिल्या टेबलावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि फाइल पुढे सरकवतात. दुसऱ्या टेबलावरचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे माशांना त्या मानाने बरंच कमी त्रासदायक असतं. या दोन टेबलांवर दोन वेगवेगळे कारकून बसतात, हे सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास दाखवून दिलं. टाकीतल्या दुसऱ्या टेबलाचं श्रेय पुढे कितीतरी वर्षं नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला मिळत राहिलं. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्या नीट तपासल्या, तेव्हा तिथे काम उपसणारा निघाला नायट्रोस्पायरा. पाटी एकाची आणि खुर्चीत दुसराच. आणि २०१५ साली नायट्रोस्पायराच्याच कुळातले असे काही जिवाणू सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच उरकतात. ते सापडलेल्या जागांपैकी एक जागा मत्स्यसंवर्धनाच्या यंत्रणेतली गाळणीच होती. आपल्याकडच्या एक खिडकी योजना उद्घाटनाच्या फितीपलीकडे फारशा जात नाहीत. निसर्गाने ती माशांच्या घाणीत, गाजावाजा न करता राबवून ठेवली आहे.

अडचण एवढीच की हे कर्मचारी भरती व्हायला वेळ लागतो. दुधाचं दही करणारे जिवाणू एका रात्रीत पातेलं सर करतात. नायट्रिफिकेशनवाल्यांना आपली संख्या नुसती दुप्पट करायलाच अख्खा दिवस लागू शकतो, म्हणून संपूर्ण खातं उभं राहायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हा काळ औषधाने कमी होत नाही. मराठी घराला यात अवघड वाटावं असं खरं तर काही नाही. कैरीचं लोणचं घातलं की तिसऱ्या दिवशी बरणी उघडून ‘अजून कसं मुरलं नाही’ म्हणून कुणी त्यात सिरप ओतत नाही. लोणच्याला आपण मुरायला वेळ देतो, जावयालाही देतो. पाण्यालाच तेवढा देत नाही, कारण पाणी आणलं त्याच दिवशी तयार असतं अशी आपली कल्पना असते. टाकीतलं पाणीही मुरावं लागतं. आणि मुरण्याची घाई असेल तर त्यावरचा उपायही आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे: विरजण. ओळखीच्या कुणाची वर्षभर नीट चाललेली, निरोगी माशांची टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधल्या जुन्या स्पंजचा तुकडा, तो ओला असतानाच, आपल्या फिल्टरमध्ये घालायचा. शेजारणीकडून वाटीभर विरजण मागायला कुणी लाजत नाही. मळका स्पंज मागताना मात्र इज्जत आड येते.

आता माझं म्हणणं पुराव्यावर घासून पाहू. आजार खरोखर माशाचा असता, तर तो एका माशापासून दुसऱ्याला लागत गेला असता. नव्या टाकीत बहुधा वेगळंच घडतं: दोन-तीन दिवसांत जवळपास सगळेच मासे एकाच पद्धतीने बिघडतात. कल्ले लालसर होतात, पंख अंगाला चिकटतात, आणि सगळी मंडळी पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावरच्या बदलापूर लोकलमध्ये दारातल्या माणसाच्या खांद्यावरून हवेची एक झुळूक मिळवायला माना उंचावलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य ओळखू यायला हवं. पण सोफ्यावरचा पाहुणा म्हणतो, ‘अगंबाई, किती भूक लागलीय बघा त्यांना!’ आणि घरातलं कुणीतरी आणखी एक चिमूट दाणे टाकतं. श्वास कोंडलेल्या माणसाच्या तोंडात वडापाव कोंबावा, त्यातला हा प्रकार. ते दाणे कुणी खात नाही. ते खडीत जातात, कुजतात, अमोनिया वाढतो, मासे आणखी वर येतात, आणि त्यांची भूक आणखी वाढल्याचं जाहीर होतं.

दुसरा पुरावा दोन-तीन आठवड्यांनी येतो. पहिल्या टेबलाचे कारकून कामावर रुजू झालेले असतात, दुसऱ्याचे अजून यायचे असतात, म्हणून नायट्राइटच्या फायली साचतात. नायट्राइट रक्तात शिरलं की प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन निकामी व्हायला लागतं आणि रक्त तपकिरी दिसू लागतं. पाण्यात हवा भरपूर, एअर पंप गुरगुरतो आहे, तरी मासा गुदमरतो. लोकल फलाटावर उभी आहे, आत जागाही आहे. पण दरवाज्यात ठाण मांडलेली मंडळी आत चढू देत नाहीत, तसं त्याच्या रक्ताचं झालेलं असतं. इथे मीठ उपयोगी पडतं, आणि ते का पडतं हे बदलापूरकराला एका वाक्यात कळेल. कल्ल्यांवरच्या ज्या दारातून नायट्राइट आत घुसतं, त्याच दारात मिठातलं क्लोराइड आधी जाऊन उभं राहतं. लिटरला एक ग्रॅमच्या आसपास मीठ पुरतं. तळाशी फिरणारे काही मासे आणि काही वनस्पती यांना मीठ फारसं मानवत नाही, एवढं ध्यानात ठेवायचं.

तिसरा पुरावा औषधाचा. ही औषधं रंगीत असतात: मिथिलीन ब्लू निळं, मॅलाकाइट ग्रीन हिरवं, अ‍ॅक्रिफ्लेविन पिवळं. टाकीत पहिला थेंब पडला की घरात सगळ्यांना काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, कारण केलेलं दिसतं. त्यात मेडिकलमधून आणलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकली की उपचार संपूर्ण. पण मिथिलीन ब्लू किंवा प्रतिजैविक टाकीतल्या रोगजंतूंना आणि सफाई खात्याला वेगळं ओळखत नाही. नुकतेच कामावर आलेले चार कारकून, त्यांनाही घरी पाठवलं जातं. अमोनिया आणखी चढतो, मासा आणखी बिघडतो, आणि डोस वाढवला जातो. टाकीच्या कोपऱ्यांतलं सिलिकॉन जन्मभरासाठी निळं होतं, तो स्मृतिस्तंभ.

मग करायचं काय? पाणी बदलायचं, पण सगळं नाही. दर वेळी चतुर्थांश, बिघाड मोठा असेल तर त्याहून थोडं जास्त, आणि मासे सावरेपर्यंत रोज. दोन-तीन दिवस खाणं बंद. माशांचं रक्त थंड असतं, त्यांना रोजच्या दोन जेवणांची गरज नसते. धडधाकट मोठा मासा चार दिवस सहज उपाशी राहतो, फक्त आपल्याला ते बघवत नाही. एअर पंप पूर्ण जोरात. फिल्टर नळाखाली धुवायचा नाही. फारच चोंदला असेल तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा. अमोनिया मोजण्याचं साधं किट मिळतं, ते निळ्या औषधाच्या आधी विकत घ्यायचं, आणि त्याच्या आकड्याबरोबर पीएचही पाहायचा. पंचवीस अंश सेल्सियसला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या घरात जातो. आकडा तोच, पण विष जवळपास दहापट. एवढं केलं की पुढचं काम सगळ्यांत अवघड: दोन्ही हात खिशात घालून बसायचं. कर्तव्यदक्ष माणसं या छंदात फार नुकसान करतात, आणि आळशी माणसाच्या टाकीत मासे म्हातारे होतात.

इथे पहिला आक्षेप येणार, आणि तो बदलापूरचाच असणार: आम्हालाच प्यायला पाणी नाही, माशांना रोज कुठून आणू? आक्षेपाचा आवाज मोठा आहे, म्हणून हिशेबच मांडतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे छप्पन लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची रिकामी जागा वजा करा, पंचेचाळीस-पन्नास उरतं. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक बादली, तीही काठोकाठ नाही. पाणीकपातीच्या दिवसातही गाडीच्या टपावरची धूळ धुवायला यापेक्षा जास्त पाणी जातं. खरी अडचण प्रमाणाची नाही, क्लोरीनची आहे. उल्हास नदीवरच्या बॅरेजमधून उचललेलं पाणी जीवन प्राधिकरण शुद्ध करून, क्लोरीन घालून आपल्या नळापर्यंत पोचवतं. ते आपल्या पोटासाठी उत्तम, कल्ल्यांना आणि जिवाणूंना घातक. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून खडे मिळतात. फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे, तेच ते सोडियम थायोसल्फेट. म्हणजे फोटो निगेटिव्ह पक्की करणारं रसायन आता मासा पक्का करतं. आदल्या रात्री बादली भरून मोरीत ठेवायची, आणि ‘हे कुणाचं पाणी अडवून ठेवलंय’ असं विचारून घरातलं कुणी ते ओतून देणार नाही याची व्यवस्था करायची. हीच काय ती तारेवरची कसरत.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे: म्हणजे माशांना खरे रोग होतच नाहीत? होतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर पुष्कळ होतो. माशाच्या अंगावर कुणी रवा भुरभुरवल्यासारखा दिसतो. तो इक्थियोफ्थिरियस नावाच्या परजीवीचा उद्योग असतो आणि त्याला औषध लागतंच. पण तिथेही औषध टाकण्याआधी त्याचं वेळापत्रक माहीत असावं लागतं. ठिपक्याच्या आत बसलेल्या किड्यापर्यंत औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे फुटून त्याची शेकडो पिलं पाण्यात पोहायला लागतात, आणि औषध सापडतं ते त्या पोहणाऱ्यांना. म्हणून ‘काल औषध टाकलं, आज ठिपके गेले, उद्यापासून बंद’ हा हिशेब चुकतो; ठिपके गेले म्हणजे शत्रू पिलावळ घालायला गेला. पाणी थोडं गरम केलं की त्याचं चक्र लवकर फिरतं आणि उपचार आटोपशीर होतो. हे उपचार मुख्य टाकीतच करावे लागले, तर आपलं खातं थोडा मार खाणार हे धरून चालायचं आणि पाणी जास्त बदलायचं. पण या आक्षेपातूनही माझाच मुद्दा निघतो. असे परजीवी दुकानातून थोड्याफार संख्येने येतच असतात. अमोनियाने कल्ले जळलेल्या आणि त्वचेवरचा बुळबुळीत थर विरलेल्या माशावर ते सहज ताबा मिळवतात. पाणी सांभाळलं नाही, तर औषध तरी कुणाला सांभाळणार?

तिसरा आक्षेप गावाकडून येतो. बदलापूर गावातली जुनी माणसं म्हणतील, आम्ही विहिरीत मासे सोडले, नदीत मासे पाहिले, पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढून येताना धरले. कुणी त्यांना अमोनिया विचारला नाही. अगदी खरं. पण विहिरीत हजारो लिटर पाणी असतं, तिच्या दगडांवर वर्षानुवर्षांचं शेवाळ आणि जिवाणू असतात, आणि तिच्यात सोडलेले मासे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. मलेरिया विभाग विहिरीत गप्पी सोडतो तेव्हा तो गप्पीच्या चिवटपणावर जेवढा विसंबतो, तेवढाच विहिरीच्या आकारावरही. आपण त्याच गप्पीला पन्नास लिटरमध्ये कोंबतो, वर त्याच्या सोबतीला शार्क म्हणून खपवलेले दोन कॅटफिश. बदलापूरकराला गर्दीचं गणित शिकवण्याची गरज नाही. तीन माणसांच्या बाकावर चौथा बसवणं आणि त्याला ‘चौथी सीट’ हे अधिकृत नाव देणं ही आपलीच संस्कृती आहे. पण चौथ्या सीटवरचा माणूस निदान कल्याणला उतरतो. टाकीतल्या माशाचं स्टेशन येत नाही. गोल वाडग्यातला गोल्डफिश तर सगळ्यांत कठीण. हा मासा खादाड, त्यामुळे कचराही भरपूर, आणि वाडग्यात फिल्टरला जागा नाही. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल वाडग्यात मासे ठेवायलाच बंदी घातली. या बंदीला हसणाऱ्यांनी एकदा दिवा स्टेशनात चढून पाहावं.

चौथा आक्षेप मंडळी मनात ठेवतात, उघड बोलत नाहीत: टाकीतला मासा मेला तर घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं. ही समजूत जितकी हळवी, तितकीच सोयीची. तिच्यामुळे प्रत्येक मेलेला मासा यशस्वी ठरतो. जगला तर शोभा, मेला तर संरक्षण. कुठल्याही विमा कंपनीला अशी पॉलिसी विकायला आवडेल. त्यात फेंगशुईने आठ लाल आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगितलेले असतात. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश ठेवले, तर संकट आलं नसलं तरी ते मासेच बोलावून आणतात. तर्काला धरून बोलायचं, तर टाकीतल्या पाच माशांनी पाच संकटं स्वतःवर घेतली असतील, तर त्या पाचही संकटांचं नाव अमोनिया होतं, आणि ती बाहेरून आलेली नव्हती.

पाचवा आक्षेप व्यवहारी आहे: वीस-तीस रुपयांचा मासा, मेला तर दुसरा आणू, एवढा अभ्यास कशाला? याचं उत्तर दयेवर ढकलता येईल, पण व्यवहारी माणसाशी व्यवहाराचंच बोलावं. दुसरा मासाही त्याच पाण्यात जाणार. सांगणारे सांगतात की पूर्वी या वाटेवर घोडे बदलले जायचे, म्हणून गावाचं नाव बदलापूर पडलं. नाव खरं असो वा नसो, नव्या टाकीचे बहुतेक मालक ती प्रथा चालू ठेवतात: दर रविवारी नवे घोडे. रस्त्यातला खड्डा तसाच ठेवून नुसते घोडे बदलत राहिलं, तर निरोप पोचत नाही. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने टाकीत सोनेरी मासे आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून पाहिल्या. कुजणाऱ्या पानांनी पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्याने ना मासे बदलले, ना त्यांना औषध दिलं. त्याने ती पानं खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. हा माणूस रसायनांचा होता, तरी त्याने रसायन न वापरता सफाई कामगार नेमले. आणि २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान उल्हासच्या पुरात अडकली, तेव्हा हजारावर माणसं काचेच्या आत आणि पाणी काचेबाहेर, असा उलटा फिश टँक तासन्‌तास उभा होता. त्या वेळी एनडीआरएफ आणि नौदलाच्या लोकांनी आधी प्रवाशांची नाडी पाहिली नाही. त्यांच्याभोवतीच्या पाण्याचं काय करायचं ते पाहिलं, आणि सगळे सुखरूप बाहेर आले.

एवढ्यावरही कुणी म्हणेल की हे सगळं काचेच्या एका डब्याबद्दल फार झालं. पण उल्हास नदीकडे पाहिलं की तो डबा जरा मोठा वाटायला लागतो. तिच्याही काठावर रहिवासी आधी आले आणि सफाई खातं नंतर येणार आहे. उन्हाळ्यात खाली कल्याणकडे नदीवर जलपर्णी पसरते, तेव्हा ती आपलं सांडपाणी खाऊनच माजलेली असते. नदी बिघडली की तिथेही आपण दिसणारी हिरवळ काढतो आणि न दिसणारं कारण ठेवतो. टाकीत निळं औषध टाकणारा माणूस आणि नदीत जलपर्णी उपसणारी यंत्रणा यांच्यात मोठा फरक नाही; फरक असलाच तर टेंडरचा.

नदी एका माणसाच्या हातात नसते, टाकी असते. तिच्यात पहिल्या आठवड्यात चार मजबूत मासे सोडायचे, चिमूटभर खायला घालायचं, आणि पाऊस पडून वीज गेली तर जिवाणूंनाही हवा लागते हे आठवून बॅटरीचा पंप जवळ ठेवायचा. सहाव्या आठवड्यात टाकीत काही म्हणजे काही घडत नाही. पाहुणे ‘खेळतायत बघा’ म्हणत नाहीत, वैद्यकीय मंडळ बरखास्त होतं, आणि दर आठवड्याला काढलेली बादली कुणीतरी बाल्कनीतल्या तुळशीला ओततं. त्या बादलीत नायट्रेट असतं, म्हणजे तुळशीचं खत. पंधरा दिवसांनी शेजारणीचं लक्ष टाकीकडे जात नाही, तुळशीकडे जातं, आणि ती विचारते, ‘अहो, हिला काय घालता तुम्ही?’ तेव्हा खरं उत्तर द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. एरवी कुठे पाणी मुरतंय असं ऐकलं की आपण कान टवकारतो. या घरात ते मुरलं म्हणूनच मासे जगले.